चावडीसमोरची फटफटी

कचेरीच्या आवारात फटफटी आणून तो इंजिन बंद करायचा, पण खाली उतरायचा नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, हात उंच हँडलवर ठेवून मिनिट-दोन मिनिटं तसाच बसून राहायचा. घंटा होऊन गेलेली असायची. मी ओरडायचो, "उतर की मर्दा, मस्टर आत जाईल!"

तो शांतपणे म्हणायचा, "उतरायला काय, कवाबी उतरता येतंय."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्या खोडीला आपण आधी हसतो आणि कारण कळल्यावर आपलंच हसू आपल्याला टोचतं. तो बेळगावच्या आमच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होता. कानडी, मराठी, इंग्रजी, तिन्ही यंत्रांवर त्याची बोटं सारखीच चालत. आमचं दोघांचं गाव एकच, उचगावच्या पुढचं. माझं घर चावडीला लागून आणि त्याचं गावाबाहेर, बौद्धवाड्यात.

फटफटी त्यानं कॅम्पातल्या लष्करी लिलावातून उचलली. इंजिन दणकट, बाकी सगळा आनंदीआनंद. सीट नाही, दिवा फुटका. पुढचं वर्षभर त्याचा प्रत्येक रविवार तिच्यात गेला. मच्छे गावच्या लेथवाल्याकडून त्यानं पाईप वाकवून उंच हँडल करून घेतलं. मी म्हटलं, "म्हशीची शिंगं बरी." तो म्हणाला, "पाठ ताठ ऱ्हाती. वाकाय लागत न्हाय."

मागची सीट त्यानं मुद्दाम खाली आणि ऐसपैस बसवली, तिला पाठ लावली आणि बाजूला एक छोटी लोखंडी पायरी जोडली. ही सगळी सोय आईसाठी. लुगडं नेसून म्हातारीला सहज चढता आलं पाहिजे ना! मी त्या सीटला सिंहासन म्हणायचो. तो रागवायचा नाही, उलट कापसाचा आणखी एक थर घालायचा.

पण खरी गंमत वेगळीच होती. गाडीत प्रत्येक गोष्ट जोडीनं. क्लचची दुसरी वायर आधीच शेजारून ओढून ठेवलेली, प्लग दोन, सायकलची पंक्चर पेटी, शिवाय पान्यांची पिशवी. "अरे, बेळगावला जातोस का काशीला?" असं मी एकदा विचारलं. त्या दिवशी त्यानं सांगितलं.

"माझ्या बापाकडं सायकल हुती. चावडी आली की बा उतरायचा, मला बी नळीवरनं उतरवायचा. मारुतीच्या देवळापतूर सायकल हातात धरून चालायचं. कुणी सांगाय लागायचं न्हाय. आता चावडीम्होरं गाडी बंद पडली, तर मला उतराय लागंल. त्येवढं एक नगं बघ."

चावडीच्या त्या कट्ट्यावर माझे आजोबा बसत. मी चहा सांगितला.

आणि व्हायचं ते झालंच. एका रविवारी तो आईला बहिणीकडे कडोलीला घेऊन गेला. येताना म्हातारीनं आणखी दोन घरं फिरायला लावली. संध्याकाळी, बरोबर चावडीसमोर, फटफटीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. मी कट्ट्यावरच होतो, शेजारी माझे चुलते आप्पा आणि गावातली चार वडीलधारी माणसं. त्यानं बसल्या बसल्या किक मारली. पुन्हा मारली. मग टाकी हलवून बघितली. सगळं जोडीनं होतं, पेट्रोल तेवढं संपलं होतं.

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. चाळिशीकडे झुकलेला तो माणूस त्या क्षणी सायकलच्या नळीवरचा पोर झाला होता.

आप्पा म्हणाले, "उतरून ढकल की रं."

त्यानं एक पाय उचलला. तेवढ्यात मागून म्हातारीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कमरेची चंची सोडली, पानाला चुना लावला आणि कट्ट्याकडे बघत म्हणाली, "उतरायला काय, कवाबी उतरता येतंय. बस रं तू."

ते वाक्य मुळात तिचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी कट्ट्यावरून कधी उठलो, मलाच आठवत नाही. मागे गेलो आणि ढकलायला लागलो. तीन मणांची गाडी, वर दोन माणसं, त्यात चढ. शौर्य वगैरे काही नव्हतं हो, नुसता घाम होता. तो हँडल धरून ताठ बसला होता, म्हातारी सिंहासनावर पान चघळत होती. मारुतीच्या देवळाशी माझा भाता फुटायची वेळ आली, तेव्हा ती वळून म्हणाली, "दमलास व्हय रं लेकरा? आता दम खा."

आप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तो मात्र सोमवारी कचेरीत आला आणि माझ्या टेबलावरचं टायपिंगचं काम न सांगता उचलून घेऊन गेला.

पुढे काही वर्षांनी त्याला कावीळ झाली आणि पंधरवड्यात तो गेला. चांगली माणसं अशी घाईनं का जातात, कोण जाणे. मला त्याचा राग आला होता, खरंच सांगतो.

त्याला न्यायची वाट चावडीवरूनच होती. ऊन रणरणत होतं. खांदेकऱ्यांत मी होतो. बायकाही मागून चालत होत्या, त्यांत म्हातारी. चावडीसमोर येताच पुढचा खांदेकरी थांबला. "लई जड झालंय. हितं जरा खाली टेकवू, खांदा बदलू."

"हितं न्हाय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "हितं त्येला उतरवायचं न्हाय. चला."

कट्ट्यावर कोण बसलं होतं, मी बघितलं नाही. खांदा बधिर झाला होता, डोळ्यांत घाम जात होता, निदान मी त्याला घामच म्हणत होतो. मारुतीचं देऊळ मागे पडलं तेव्हा कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आता दम खा, लेकरा," म्हातारी म्हणाली.