डाव्या हाताने फिरवलेली किल्ली

आमची गाडी जुनी आहे, कार्बोरेटरची. तिच्या वयाच्या बाकीच्या गाड्या तलवाड्यात एकतर भंगारात गेल्या, नाहीतर कुणाच्या तरी शेतात कोंबड्या सांभाळतायत. माझी मात्र रोज पुसलेली असते. बाजारातलं पाइपांचं दुकान भाड्यानं दिल्यापासून मला एवढंच काम उरलंय, असं बायको म्हणते. ती म्हणते म्हणून मी दोनदा पुसतो.

त्या दिवशी गेवराईला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून मी तयार होतो. बायको म्हणाली, "एसटीनं जाऊ की. सकाळची गर्दी बी न्हाई."

"दारात गाडी असताना एसटीनं कावून जायचं?"

खरं कारण वेगळंच होतं. मंगल कार्यालयाच्या दारात, सासरच्या सगळ्या गोतावळ्यादेखत मला स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं. आणि नेमका त्याच दिवशी गाडीनं घात केला. सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरायचं, पण पकडायचं नाही. पेट्रोल होतं, कार्बोरेटरपाशी वास येत होता. म्हणजे प्लगला करंट नव्हता.

मला गाडीतलं थोडंफार कळतं, आणि कळतं त्यापेक्षा जास्त मी बोलून दाखवतो. बाह्या सरसावल्या, एक प्लग काढला, त्याच्या वायरीत परत खोचला आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला. ठिणगी बघायची तर दोन माणसं लागतात. एकानं प्लग धरायचा, दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. म्हणून नव्या साडीतल्या बायकोला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं.

तिच्या उजव्या हाताला प्लॅस्टर होतं. काही दिवसांपूर्वी धुण्याच्या दगडावर घसरून पडली होती. किल्लीचं भोक स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, त्यामुळे तिला डावा हात आडवा घालून, अंग पिळून किल्ली फिरवावी लागत होती. ते मला दिसत होतं. तरी मी म्हणत होतो, "फिरव. अजून फिरव."

ठिणगी दिसेना. ऊन होतं, उन्हात ठिणगी दिसतच नाही, हे कुणीही सांगेल. मी टॉवेल टाकून सावली केली, डोकं आत घातलं. तरी काही नाही. मग एक शंका आली. ठिणगी पडत असेल आणि मलाच दिसत नसेल तर? डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. बाजूचं दिसणं कमी होत जाईल, गाडी चालवू नका, असंही सांगितलं होतं. मी थेंब घालत होतो, बाकीचं ऐकलं नव्हतं. मुलगा पुण्याहून फोनवर तेच बोलायला लागला की मी फोन बायकोच्या हातात द्यायचो.

ती शंका झटकायला राग कामी आला. "नीट फिरव की! हातात जीव न्हाई का?"

"डावा हाय," ती एवढंच म्हणाली.

मग मी गेवराईच्या मिस्त्रीला फोन लावला. मागच्याच महिन्यात त्यानं गाडीला प्लगसाठी करंट तयार करणारी नवी कॉइल बसवली होती. "काय बे, कसली कॉइल बसवलीस? भंगारातून उचलली का?"

"काका, तुमच्यासमोरच खोक्यातून काढली की."

"माझ्यासमोर काढली म्हणून चांगली झाली का?"

तो म्हणाला, "दुसरी घेऊन येतो." गॅरेज बंद करून, एवढ्या उन्हात मोटारसायकलवर त्याला यावं लागणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो येईपर्यंत मला दम निघेना. कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून उपसली आणि तिचं टोक लोखंडाजवळ धरून म्हणालो, "फिरव." चट्‌ आवाज झाला आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की मी बोंबललो. बायको गाडीतून उतरून पळत आली. "सोडा की आता! बिघडली तर बिघडली."

मला मात्र आनंद झाला होता. ही ठिणगी बघावी लागली नव्हती, ती ऐकू आली होती. मग लक्षात आलं की कॉइल ठणठणीत आहे, म्हणजे मिस्त्रीला उगाच झापलं. करंट कॉइलमधून येत होता आणि प्लगला पोचत नव्हता. मध्ये फक्त टोपी आणि तिच्याखाली फिरणारा रोटर. अंगठ्याएवढाच तुकडा, पण एकेका प्लगला करंट वाटून देतो तो हाच. क्लिपा काढून टोपी उचलली. खाली नुसता दांडा होता. बोटानं चाचपून पाहिलं. रोटर नव्हताच.

रोटर काही आपोआप गळून पडत नाही. तो कुणीतरी काढावा लागतो. आणि ही युक्ती आमच्या घरात माझीच. मुलगा कॉलेजात असताना मी दुपारी झोपलो की गाडी हायवेला पळवायचा. मग मी रोटर काढून बायकोकडे द्यायला लागलो आणि ती तो हळदीच्या डब्यात ठेवायला लागली. बाहेर पोरगं सेल्फ मारून मारून घामाघूम व्हायचं आणि आम्ही दोघं आत तोंड दाबून हसायचो.

मी तडक स्वयंपाकघरात गेलो. हळदीचा डबा उघडला. रोटर तिथंच होता, पिवळाधमक. ती मागोमाग आली.

"मी काय कॉलेजातलं पोरगं हाय का?" मी ओरडलो. "त्यानंच शिकवलं न्हवं तुला, फोनवरून?"

"त्याला काहीच माहीत न्हाई." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मी दगडावर पडले न्हवते."

मला काही समजेना.

"त्या दिवशी तुमी गेवराईला निघालता. मी गेट उघडून कडंला उभी होते. तुमी गाडी मागं घेतली ती माझ्याच अंगावर. मी ओरडले. खांबाच्या आन् गाडीच्या मधी हात आला."

"मग मला कसं कळलं न्हाई?"

"तुमी हार्न वाजवला," ती म्हणाली. "लवकर सर म्हणून."

तो हॉर्न मला आठवला. तो वाजवून मी सरळ निघून गेलो होतो. तिनं डाव्या हातानं गेट लावलं आणि शेजारणीला घेऊन दवाखाना गाठला. परत आल्यावर प्लॅस्टर बघून मी तिलाच विचारलं होतं, "डोळे कुठं होते तुझे?" धुण्याच्या दगडावर घसरले, एवढंच सांगून तिनं चहा करून दिला होता.

मला तिच्याकडं बघवेना. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. जो हात मी मोडला, तो गळ्यात बांधलेला असताना सकाळपासून मी तिच्याकडून किल्ली फिरवून घेत होतो. पडणारच नाही हे तिला माहीत असलेल्या ठिणगीसाठी. वर तिच्यावर ओरडत होतो.

"सांगितलं कावून न्हाई?"

"सांगून काय झालं असतं? तुमी पुना गाडीकडं बघितलं नसतं, आन् माझ्याकडं बी. म्हनलं, गाडीच बिघडली म्हणून चालवणं सुटलं तर बरं. लोकांत सांगायला बी बरं."

तेवढ्यात गेटपाशी मोटारसायकल वाजली. मिस्त्री घामानं निथळत उतरला, हातात कॉइलचं खोकं. मी काही बोलायच्या आत बायको पुढं झाली. "लई तरास दिला बाबा तुला. बिघाडच सापडंना बघ."

अजूनही ती मलाच झाकत होती.

"बघतो की काकू," म्हणून तो बॉनेटवर वाकला.

"सापडलाय," मी म्हणालो. "कॉइल तुझी चांगली हाय. मघाशी बोललो ते चुकलं माझं."

"मग काय गेलं, काका?"

मी मूठ उघडून त्याला रोटर दाखवला. हात हळदीनं पिवळा झाला होता. मग डोळ्यांचं सांगितलं, गेटचं सांगितलं. बायको खाली बघत उभी होती. एका ठिकाणी जीभ अडली. तेवढं गाळलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं, आणि तिनंही काही ते सांगितलं नसतं.

हॉर्नचंही सांगितलं.