दिल्लीपर्यंतचे पंधरा तास
बर्फाच्या लादीवरच्या ओल्या भुशाचा वास आला की मी रायपूरच्या सदर बाजारातल्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचते. बाबा आदल्या दिवशी गेले होते, त्यांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं आणि अग्नी द्यायला भाऊ न्यूयॉर्कहून निघाला होता. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, पण विमानं मोजकीच होती. मी शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून अंतर काढलं, तासांचा हिशेब केला आणि ऐटीत सांगितलं, "पंधरा तास. दुपारपर्यंत येते तो." त्या भरवशावर काकांनी अंत्ययात्रा थांबवली. दुपारी दिल्लीहून फोन आला, "ताई, रायपूरचं विमान चुकलं. आता उद्याच." दिल्लीच्या पुढचं मी काही धरलंच नव्हतं. लाद्या पाझरत होत्या. काका म्हणाले, "दिवस बुडायच्या आत न्या लागते, पोरी." आईनं माझं मनगट आवळलं, "तूच म्हनली न, येते म्हणून? मंग काहून उचलून राहिले?" भाऊ पोचला तेव्हा अंगणात फक्त ओला भुसा होता, तो त्यातच बसला. आता माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. फोनवर म्हणतो, "मम्मी, पंद्रह घंटे ही तो लगते हैं." मी विचारते, "कुठपर्यंत?"