न वाचता मंजूर

नगरसेवक होऊन नऊ वर्षं झाली तरी नळभाऊंना कुणी साहेब म्हणत नसे, आणि चुकून म्हटलंच तर साहेब कोण आले म्हणून तेच मागे वळून बघत. निवडून येण्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या मोऱ्यांत उकिडवं बसून नळ दुरुस्त केले होते. त्यामुळे शहराकडे बघण्याची त्यांची तऱ्हाच निराळी. शहर म्हणजे जमिनीखाली असतं ते, वरचं सगळं हौसेचं, असं त्यांचं ठाम मत. कुणी चौकात कारंजं मागितलं की ते विचारत, “पाणी कुठून आणणार?” कुणी रस्ता मागितला की म्हणत, “आधी खालची लाइन बदला. नाहीतर आज डांबर आणि परवा कुदळ.” बागेचा नकाशा पुढ्यात आला की झाडं, बाकं, झोपाळे सोडून त्यांचं बोट नेमकं उतारावर जाई. पाणी वाहून जाणार कुठे, हे सांगता आलं नाही की नकाशेवाल्याची शाळा सुरू.

शिवाय हा माणूस सभेची विषयपत्रिका वाचायचा. तीस-तीस, चाळीस-चाळीस विषयांचा तो गठ्ठा बाकीचे सभासद वारा घ्यायला वापरत. नळभाऊ मात्र आदल्या संध्याकाळी लाल पेन्सिल घेऊन बसत आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात इतरांना सुनावत, “अहो, सही करायची अक्कल आहे, तर वाचायचीही ठेवा!” लोक ऐकून घेत. काय करतील?

पण नाकाने कांदे सोलणाऱ्याच्या डोळ्यांतही कधीतरी पाणी येतंच. त्या सभेत नळभाऊंचा पाण्याच्या दाबाचा ठराव तीन वर्षांच्या खटपटीनंतर पास झाला. बाकं वाजली. स्वारी हवेत. त्या भाषणाच्या तयारीत आदली संध्याकाळ गेली होती आणि विसाव्या विषयापुढच्या पानांना पेन्सिल लागलीच नव्हती. दुपारचे अडीच वाजलेले, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. अशा वेळी सभागृहाची एक जुनी रीत होती: चिटणीस नुसते आकडे वाचत आणि सभासद एका सुरात ‘मंजूर’ म्हणत. “विषय सत्तावीस,” चिटणीस म्हणाले. “मंजूर!” आणि त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज नळभाऊंचा.

चार दिवसांनी पत्र आलं. विषय सत्तावीसप्रमाणे त्यांच्याच वॉर्डातला दवाखाना ‘सध्या विनावापर इमारत’ म्हणून जुन्या कागदपत्रांच्या साठवणीला देण्यात आला होता.

नळभाऊंच्या पायाखालची वाळू सरकली. दवाखाना विनावापर का, तर दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच हट्ट धरून तो रिकामा करवला होता. आतले पाइप कुजले होते, ते बदलायचे होते. पालिकेच्या इमारतींची मोजणी करणारा माणूस आला, त्याला ना डॉक्टर दिसले ना पेशंट, त्यानं ‘विनावापर’ लिहून टाकलं. कागदांना काय, मिळेल ती जागा चालते.

घरात अक्का होती, त्यांची थोरली बहीण. साखरेच्या दुखण्यानं तिच्या टाचेची जखम भरत नव्हती. दिवसाआड पट्टी बदलावी लागे. दवाखाना चार घरं सोडून होता तेव्हा ती चपला सरकवून जायची. आता दोन बस बदलून, भिंतींचा आधार घेत लांबच्या दवाखान्यात जात होती. “महिनाभराचा तर प्रश्न,” ती म्हणे. “तुझ्या नव्या पाइपांसाठी एवढं सोसते.” हे ऐकलं की नळभाऊ ताट सरकवून उठत. तिला खरं सांगायचं धाडस काही होईना.

ते चिटणीसांकडे गेले.

“झालेला ठराव तीन महिने बदलता येत नाही,” चिटणीस म्हणाले. “अर्ध्याहून जास्त सभासदांनी लेखी मागितलं तरच. एक्केचाळीस सभासद, म्हणजे तुमची धरून एकवीस सह्या. आणि कारण लिहावं लागेल.”

“काय लिहू?”

“खरं असेल ते लिहा.”

नळभाऊंनी तिथेच बसून लिहिलं: ‘मी हा विषय न वाचता मंजूर म्हणालो.’

पहिले गेले ते चष्म्याचं दुकान असलेल्या सभासदाकडे. आता हा पोट धरून हसणार, अशी तयारी ठेवूनच गेले. पण चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. “मी तुमच्याकडे बघून म्हणालो हो. तुम्ही हरकत घेतली नाही, म्हणजे सगळं ठीक असणार.” सही झाली. दुसरे तेच म्हणाले. तिसऱ्या बाई तेच म्हणाल्या, वर चहाही पाजला. आठव्या घरातून बाहेर पडताना नळभाऊंना बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटली. नऊ वर्षं हे सगळे त्यांच्या भरवशावर डोळे मिटून बसले होते, आणि ते एकदाच पेंगले तर दवाखाना गेला!

वीस सह्या झाल्या आणि गाडं अडलं. उरलेल्यांतले काही गावाला, काही टाळाटाळ करणारे. पुढच्या सभेला दोन दिवस होते. राहिल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. एका पुलावरून भांडण झाल्यापासून सहा वर्षं त्यांच्यात आणि नळभाऊंत शब्दही नव्हता.

मोठ्या बाईंनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला. मग म्हणाल्या, “बसा. मी वाचला होता तो विषय.”

“मग बोलला का नाहीत?”

“वॉर्ड तुमचा, मंजूर तुम्ही म्हणालात. म्हटलं, यांना नको असेल दवाखाना. विचारायला हवं होतं. पण आपलं बोलणं कुठे होतं?” त्यांनी सही केली. “हे सभेतही स्वतःच्या तोंडानं सांगा. कागदावर लिहिणं सोपं असतं.”

नळभाऊंनी सांगितलं. उभं राहून, सगळं. मग मोठ्या बाईंचा हात वर गेला, पाठोपाठ चष्मेवाल्यांचा, आणि बघता बघता सगळे. ठराव रद्द झाला. नळभाऊंचा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरात नव्या पाइपांतून पाणी आलं आणि दवाखाना उघडला. पहिल्याच सकाळी अक्का चार घरं चालून गेली. नर्सनं तिची टाच स्टुलावर घेतली. तेव्हा शेजारी बसून नळभाऊंनी बहिणीला सगळं सांगून टाकलं. सांगितल्यावर छातीवरचा धोंडा उतरला.

अक्कानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “पाय माझा होता म्हणून वीस घरं फिरलास. दुसऱ्या कुणाचा असता तर?”

नळभाऊंनी खाली पडलेली जुनी पट्टी उचलून टोपलीत टाकली.

“फिरलो असतो,” ते म्हणाले. “पण अक्का, इतक्या लवकर नाही.”

“खरं बोललास,” अक्का म्हणाली. दाराबाहेरच्या बाकावर पाच-सहा माणसं नंबरासाठी बसली होती, त्यांच्याकडे तिनं मान वळवली. “जा, त्यांचीही विचारपूस कर.”

नळभाऊ उठले आणि बाकाच्या टोकाला जागा करून त्यांच्यात बसले.