छावणीच्या गाण्यातली शांतता

आज सकाळी केजच्या बसस्थानकासमोरून उसाच्या वाढ्यांनी भरलेली ट्रॉली गेली. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ऊस कारखान्याला जातो आणि शेंडे गुरांच्या वाट्याला येतात. दोन दिवस ऊन खाल्लेल्या वाढ्यांना एक आंबूस-गोड वास सुटतो. तो नाकात शिरला की मी अर्धा तास कोणाच्याही कामाचा राहत नाही. दूध संकलन केंद्रावरच्या माणसानं असं हरवून चालत नाही, पण आज माझा इलाज नव्हता. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो अल्बम आजच बाहेर पडला होता, आणि त्या वासाचा त्या अल्बमशी काय संबंध हे या गावात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?

आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत एकेकाळी रॉक बँड होता, असं सांगितलं तर लोक हसतात. खुशाल हसोत. चार पोरं होती, सगळी कारखान्यातल्या कामगारांची. ऊस नसल्यामुळे बंद पडलेल्या गोदामात ती गिटार आणि ड्रम बडवत बसायची. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज असा काही घुमायचा की पाखरं महिनाभर फिरकली नाहीत. मला गळा नव्हता, बोटांत कसब नव्हतं, पण वायरी जोडता यायच्या. म्हणून आवाजाची व्यवस्था माझ्याकडे. जो गायचा तो माझा जिवलग दोस्त. त्यांची पहिली कॅसेट निघाली तेव्हा आम्ही ती एसटीच्या ड्रायव्हरांना गळ घालून वाजवायला लावली होती. दुसरी लवकरच येणार, असं आम्ही भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. त्या वयात लवकर या शब्दावर फार विश्वास असतो.

मग दुष्काळ आला. आला म्हणजे काय, आमच्याकडे तो अधूनमधून येतोच. त्या वर्षी मात्र उठायचं नावच घेईना. विहिरींनी तळ दाखवला, कडबा दिसेनासा झाला, आणि धारूरच्या डोंगराखालच्या उघड्या माळावर कारखान्यानं चारा छावणी उघडली. दावणींच्या रांगांवर रांगा. माणसंही जनावरांशेजारीच पाल ठोकून राहिली, तिथंच चुली पेटल्या. रोज दुपार कलली की लाउडस्पीकर खरखरायचा, कोणीतरी माइकवर टकटक करायचं, आणि रांगेचा नंबर पुकारून वैरण वाटली जायची. महिन्याभरात जनावरांनी ते ओळखलं. नंबरांची वाटही ती बघत नसत. नुसती खरखर झाली की बसलेली गुरं उठून उभी राहत.

ही गोष्ट छावणीतल्या लहान लेकरालाही ठाऊक होती. आम्हाला नव्हती. आम्ही तिथं गेलो ते पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून. बडे लोक पाहणीला येणार होते, त्यांच्यासमोर 'दुष्काळग्रस्तांचं मनोरंजन' व्हायचं होतं. लोकांचं मनोरंजन कमी पडत होतं, असं कोणाच्या डोक्यात आलं कोण जाणे! वैरणीची गाडी येऊन उभी होती, पण पाहुण्यांच्या हातून वाटप झालं तर फोटो बरा येतो म्हणून ती तशीच झाकून ठेवलेली. वाढ्यांचा वास सगळ्या माळावर पसरलेला. आणि अशा वेळी मी, आवाजाचा मोठा जाणकार, छावणीच्याच लाउडस्पीकरला वायर जोडली आणि माइकवर टकटक केली.

सगळी छावणी एकदम उभी राहिली. शेकडो जनावरं दाव्याला हिसके देत हंबरू लागली. तो आवाज मी आजवर कोणाला सांगून समजावू शकलेलो नाही. मला वाटलं, गिटार दबते आहे. म्हणून मी आवाज वाढवला. जसा मी वाढवत गेलो तशी ती अधिकच हंबरत गेली. त्यांना वाटलं असणार, आज भरपूर मिळणार. अर्धं गाणं होईपर्यंत आमच्या ध्यानात काही आलं नाही. तेवढ्यात एक म्हातारा पुढे आला. धारूरच्या वरच्या वाडीतला गुरं राखणारा, अंगानं काटकुळा, डोक्याला मळका रुमाल. गिटार थांबली तेव्हा त्याचाच आवाज उरला होता. "मुकी जित्राबं हायती रे ती! भुकेल्या जित्राबाला फसवता व्हय? आता त्यांला काय सांगू मी?" असं बरंच बोलला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

माझ्या दोस्ताच्या खिशात नेहमी छोटा टेपरेकॉर्डर चालू असायचा. संध्याकाळी माझ्या खोलीत त्यानं ते सगळं मला ऐकवलं. आधी हंबरणं, मग म्हातारा. "हेच आपलं गाणं हाय बे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे चकाकत होते. त्या चकाकीचा मला संताप आला. एका माणसाची लाज बाजारात मांडणार का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, लाज त्याची न्हाई, आपली हाय. आज वाटतं, त्याचं बरोबर होतं. पण तेव्हा मला सज्जन व्हायची फार घाई झाली होती. मैत्री तोडायची धमकी देऊन मी त्याच्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या. म्हाताऱ्याचा शब्दन् शब्द माझ्यासमोर पुसायला लावला, आणि त्याचं बोलणं कधीही कुठल्याही गाण्यात येणार नाही असं वचन घेतलं. हंबरणं तेवढं त्यानं हट्टानं ठेवून घेतलं. त्यानंतर तो आणि बाकीचे तिघे पुण्याला गेले, मी दूध संघात लागलो, आणि तोडणार नव्हतो ती मैत्री आपसूक तुटली.

दुसरा अल्बम येणार, येणार, असं दरवर्षी कानावर यायचं. पुण्यामुंबईत त्यांचं नाव झालं, चाहते झाले, केस पिकले, अल्बम मात्र येईना. मी वाट पाहत होतो, पण चाहत्यासारखी नव्हे. मला त्याला पकडायचं होतं. एवढी नामी वस्तू हाताशी असताना हा माणूस वचन पाळणारच नाही, आठवणीतून तेच शब्द काढून गाण्यात घालणार, अशी माझी पक्की खात्री होती. सांगायला लाज वाटते, पण इतकी वर्षं मी त्या खात्रीवर जगलो. तो तिकडे मोठा होत गेला आणि मी इकडे खरा होत गेलो, अशी मी माझ्यापुरती वाटणी करून घेतली होती.

दुपारी संकलन केंद्राचं शटर अर्धं ओढून फोनवर अल्बम ऐकला. शेवटचं गाणं छावणीचं. गिटार हळूहळू विरते आणि ते हंबरणं येतं. पुसट सुरू होतं, मग चहूकडून उसळतं. आणि पुढे काहीच नाही. पुसलेल्या टेपची बारीक सूं सूं, बराच वेळ. मग तो वाद्यांशिवाय दोनच ओळी गातो, पावसाच्याही नाहीत, दुष्काळाच्याही नाहीत, साध्या माफीच्या. त्यानं वचन अक्षरशः पाळलं होतं. गाण्याखाली लोकांनी लिहिलंय की मधली शांतता अंगावर येते, तिनंच रडवलं. मीही रडलो, त्याच जागी रडलो, आणि मग स्वतःचाच भयंकर राग आला.

संध्याकाळी त्या म्हाताऱ्याची सून दूध घालायला आली. वाडी सोडून ही मंडळी आता केजजवळ राहतात. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली. छावणीत तीही होती. मला कोणाजवळ तरी बोलायचं होतं, म्हणून मी फोन तिच्या हातात दिला. हंबरणं सुरू होताच तिचा चेहरा उजळला. "ही आमची ढवळी! बाकीच्या वरडल्या की मग ही लागायची." मग शांतता आली. ती फोन कानाला धरून थांबली.

"हितं मामा बोलले होते," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "लई बोलले होते. ते कुठं हाय, भाऊ?"

मी सगळं सांगितलं. माझा वाटा लपवला नाही.

"कावून पुसलं?"

"त्यांची अब्रू जाऊ नये म्हणून."

"त्यांला इचारलं होतं का तुमी?"

नव्हतं विचारलं. माझ्या दोस्तानंही नाही आणि मीही नाही. त्यांची वाडी छावणीपासून हाकेच्या अंतरावर होती.

"आमच्याकडं फोटू हाय त्यांचा, मतदान कार्डावरून मोठा केलेला," ती शांतपणे म्हणाली. "आवाज न्हाई. नातवंडांनी आजाचा आवाज ऐकलाच न्हाई." रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. हंबरणं संपलं, सूं सूं सुरू झाली, आणि तिनं फोन या कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला, त्या कानानं तरी ऐकू येईल म्हणून.

काळ सगळं पुसून टाकतो, असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. हे काळानं पुसलेलं नाही.