हजार वर्षांपुढचा दिवेवाला

परदेशी रद्दीला एक ओलसर, कडवट वास असतो. आमच्या अर्नाळ्याच्या घरात तो सुकत्या बोंबलांच्या खारट दर्पात मिसळून जाई, आणि त्या दोहोंतून जे काही तयार होई त्यालाच मी पुढे कितीतरी वर्षं भविष्यकाळाचा वास समजत आले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, वालीवच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामाला होता. होडीवर जायला त्याने साफ नकार दिला, कारण त्याला बोट लागे, होडी डोलली की ओकाऱ्या येत. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हणून सगळ्या आळीने त्याची यथेच्छ थट्टा केली. आई मात्र मनातून सुखावली होती. समुद्राने तिचा धाकटा भाऊ नेला होता, आणि जमिनीवर काम करणारा माणूस संध्याकाळी घरी येतोच, अशी तिची भाबडी खात्री होती.

जहाजाने आलेली रद्दी लगद्यासाठी निवडताना त्यात इंग्रजी चित्रकथांची न खपलेली पुस्तकं सापडत, मुखपृष्ठं फाडलेली. मुकादमाला विचारून दादा त्यातली काही घरी आणी. एकच मालिका त्याच्या मनात भरली होती. आजपासून हजार वर्षांनी निरनिराळ्या ग्रहांवरून एकत्र आलेले काही तरुण विश्वाचं रक्षण करतात. एकाला विझलेल्या ताऱ्यांचे आवाज ऐकू येतात, एकीच्या स्पर्शाने पाणी गोठतं, आणि दादाचा जो लाडका, त्याच्या छातीत एक लहानसा सूर्य तेवत असतो. दादाचं इंग्रजी बेताचंच होतं, मी कॉलेजात जात होते. म्हणून उन्हं कलली की ओट्यावर बसून मी मराठीत सांगत असे, दादा पानं उलटत असे आणि आई बोंबील आवरता आवरता चित्रांकडे डोकावत असे. त्या सूर्यवाल्याला तिने दिवेवाला करून टाकलं होतं. ही पोरं कधी जेवताना दिसत नाहीत, ही तिची कायमची तक्रार होती.

रद्दी काही क्रमाने येत नसे. एका गठ्ठ्यात ज्यांचं लग्न लागलं, ते पुढच्या गठ्ठ्यात एकमेकांना ओळखतही नसत. अशाच एका वैशाखात, जळतं नगर वाचवताना दिवेवाला मेला. दादा अगदी हिरमुसला, तर आई म्हणाली, "थांब रे, पुढच्या गठ्ठ्यात येल तो परत." आणि पुढच्या गठ्ठ्यात तो खरोखरच आला, हसरा, धडधाकट. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक छापलेला अंकाचा क्रमांक दिवेवाल्याच्या मरणाच्या आधीचा होता, तो बोटाखाली झाकून दादाने मला डोळ्यांनी दटावलं आणि आईला म्हणाला, "बघ, तू बोललीस तसाच आला." आईचा चेहरा उजळला, आणि तिच्याहून जास्त त्याचा.

श्रावणात दादाला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग वसईचा दवाखाना, आणि मग काहीच करायचं उरलं नाही. पंचविशीही न गाठलेला माझा भाऊ कोरड्या जमिनीवर गेला. त्या जमिनीचा मला इतका राग आला की कितीतरी दिवस मी समुद्राकडे तोंड करूनच बसत असे.

दिवाळीनंतर कारखान्यातला त्याचा एक सोबती सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन आला. दादाने स्वतःच तो बाजूला काढून ठेवला होता. संध्याकाळी आईने तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "वाच."

पहिलंच पुस्तक उघडून मी पानाचा तळ पाहिला. अंक सगळ्यांत आधीचा होता. दिवेवाला त्या चमूत पहिल्यांदा येतो, बुजतो, अवघडून दारातच उभा राहतो. आता आई म्हणेल, आला बघ परत, आणि उद्यापासून वालीवच्या वाटेकडे डोळे लावून बसेल, या भीतीने मला काही सुचेना. खरं सांगावं तर तिचा तेवढाही आधार तुटणार, न सांगावं तर ती वाट पाहत झिजणार. मी पुस्तक मिटू लागले.

आईने पानावर हात ठेवला. "आधीचं हाय ना ह्ये?"

मिटत आलेलं पुस्तक मी पुन्हा उघडलं.

"हात बघ त्याचा. त्या आगीत भाजला, मंग मेला. हितं धड हाय."

"म्हणजे मागच्या वेळीही तू ओळखलं होतंस? मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुझ्या दादाला वाटायचं, आयेला फसवून खूश केली. त्याची मजा कशाला घालवू?" तिने पदराने डोळे पुसले. "आधीचंच वाच तू. पुढचं मला म्हाईत हाय."

मी वाचू लागले. ओहोटीचा वारा पानं फडफडवत होता, ती आई बोटाने दाबून धरत होती. शेवटचं पान जवळ येऊ लागलं तसतशी मी एकेका चित्रावर जास्त वेळ थांबू लागले, आणि आईनेही मला एकदाही घाई केली नाही.