अंगावरचं घोंगडं

वैशाखऱ्याच्या थांब्यावर एसटीची वाट पाहताना समोरच्या अंगणातला म्हातारा मला रोज दिसायचा. दिवाळी सरली, घाटावरून गार वारा उतरला आणि त्याच्या टोमॅटोच्या रोपांची पानं करपली. तेव्हापासून तो संध्याकाळी रोपांवर जुनी लुगडी पांघरवू लागला. एकदा लुगडी पुरेनात, तेव्हा त्याने अंगावरचं घोंगडं काढून शेवटच्या रोपावर घातलं.

"बाबा, तुम्हाला थंडी वाजेल ना!" मी म्हटलं.

"मी चुलीपाशी जाऊन बसंन. त्यांना कुठं उठून जाता येतं?"

काही दिवसांनी त्याने मला हाक मारून अंगणात बोलावलं. करपलेल्या पानांमागे हिरवे, बोराएवढे टोमॅटो धरले होते.

"जगली गो! लेक येतेय बाळंतपनाला. ती येईस्तवर लाल होतील."