संपाच्या मांडवासमोर

पिंपरीच्या आमच्या कलापथकात एक काका क्लॅरिनेट वाजवायचे. भीमगीताला कव्वालीचा ठेका आणि लग्नाच्या बँडची चाल जोडायची, ही त्यांचीच खोड. असं का, मी विचारलं, तर म्हणाले, "कंपनीच्या गेटवर आपलं गाणं ऐकायला सगळे थांबले पायजेत राव."

पोटासाठी ते वरातीतही वाजवत. एकदा कॉलेजातून येताना मला एका वरातीपुढे ते वाजवताना दिसले. वाटेत कंपनीच्या गेटसमोर संपवाल्यांचं उपोषण चालू होतं. मांडव जवळ येताच त्यांनी हात वर करून बँड थांबवला.

"वाजवा, नाहीतर पुन्हा बोलावणार नाही," वरबाप चिडले.

"चूल पेटली न्हाई, तिथं वाजवत न्हाईत मालक."

मांडवातल्यांनी त्यांना ओळखून त्यांच्या भीमगीताच्या कव्वालीच्या टाळ्या सुरू केल्या. काकांनी तिकडे पाहिलं नाही. खाली धरलेल्या क्लॅरिनेटवर बोटं मात्र त्याच ठेक्यात नाचत होती.